थर्झाचा पूर्णविराम

सुतळी तोडून स्नेहलनं गठ्ठ्यातलं वरचं पुस्तक काढलं आणि प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, मुखपृष्ठावरचं स्वतःचं नावसुद्धा नाही, सरळ ती कविता उघडली. पानांना शाईचा आणि खळीचा ओलसर वास येत होता. पानभर पांढरं आणि मधोमध चार ओळी. शेवटच्या ओळीशी तिची नजर अडखळली. चष्म्याच्या काचेवर काही पडलं असेल म्हणून तिनं चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. होतं ते तिथंच होतं. ‘मी परत येणार नाही’ ह्या शब्दांपुढं पूर्णविरामाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लोंबत होतं. मी परत येणार नाही? तिनं ओळ पुटपुटून पाहिली, आणि आपल्याच तोंडून निघालेला तो आर्जवी, लाडिक हेल ऐकून तिनं पुस्तक मिटलं. दुसरं पुस्तक उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडं तेच. बाहेर लष्कराच्या मैदानावर कवायतीची शिट्टी वाजत होती. भिंगारच्या त्या बोळातल्या माणसांना ती शिट्टी ऐकूही येत नाही इतकी ती अंगवळणी पडलेली. आज मात्र प्रत्येक शिट्टी तिच्या कानात टोचत होती. राहीबाई हात पुसत बाहेर आल्या. लेकीचं पुस्तक छापून आलंय आणि संध्याकाळी नगरात त्याचा मोठा कार्यक्रम आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. “आली का गं बुकं? झाक दिसत्यात की,” म्हणाल्या, आणि मग तिच्या तोंडाकडं बघून, “काय झालं?”

“माझी ओळ फिरवलीय, आई.”

“समदी?”

“एक चिन्ह बदललंय.”

“येवड्यासाठी तोंड पाडून बसलीस व्हय? च्या घे आदी.”

चहा निवत गेला. एवढ्यासाठी. खरंच, केवढंसं ते. स्नेहलला वाटलं, हे कुणाला सांगायला गेलं तर आधी दोनशे वर्षं मागं जावं लागेल, बर्फात बुडालेल्या एका गावात. थर्झा कोलबर्न, ही कविता मुळात जिची, ती तिथली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जहाजं बांधणारं ते एक लहानसं गाव, हिवाळ्यात धक्क्याचं पाणी गोठलं की सगळा पसारा थांबायचा. बाप दोर वळणारा. पोरी घरी बसून गवताच्या टोप्या विणायच्या, थर्झाही विणायची. मग एका सुखवस्तू व्यापाऱ्याशी तिचं लग्न झालं आणि दोन वर्षांनी एका सकाळी ती त्या घरातून निघाली आणि बर्फ तुडवत बहिणीकडं आली. नवरा मारत नव्हता. पीत नव्हता. बाहेर त्याचं काही नव्हतं. गावाला राग आला तो ती निघून आल्याचा नव्हे, तर निघून यायला तिच्याकडं गावाच्या पसंतीचं कारण नव्हतं ह्याचा. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं, भर सभेत उभी केली, विचारलं. ती म्हणाली, “कारण सांगितलं तर तुम्ही त्याचा निवाडा कराल. ते माझं आहे.” तिनं गावच्या साप्ताहिकाला ती चार ओळींची कविता पाठवली, तर संपादकानं तिला आपल्या पदरचं एक कडवं जोडलं, पश्चात्तापाचं, डोळ्यांतल्या आसवांसकट. थर्झा भांडायला गेली नाही. ती दुसऱ्या गावी गेली आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागली. शिशाची अक्षरं उलटी वाचायला शिकली, बोटं काळी करून घेतली, आणि पुरेशी तयार झाल्यावर मालकाकडून यंत्र भाड्यानं मागून आपलं पुस्तक आपल्या हातानं जुळवलं, स्वल्पविरामासकट, पूर्णविरामासकट. तिच्या कवितेत हे पूर्णविराम ओळीच्या मध्येही यायचे, खिळा ठोकल्यासारखे. यमकं तिनं कधीच सोडून दिली होती. ती म्हातारी होऊन वारली आणि पुतण्यानं तिचं समग्र काव्य काढलं. त्यात ते आसवांचं कडवं पुन्हा होतं.

स्नेहलला थर्झा भेटली ती त्या पुतण्याच्या आवृत्तीतून, एम.ए.ला असताना, रद्दीतून उचललेल्या एका जाडजूड संग्रहात. तेव्हा ती कविता तिला बेताचीच वाटली होती. मग लग्न झालं, आणि ते पुस्तक बाकीच्या सामानाबरोबर कोपरगावला गेलं, साखर कारखान्याच्या कॉलनीत, जिथं गाळपाच्या दिवसांत मळीचा वास गादीत, पिठात, केसांत भरून राहायचा. बिभीषण कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. सरळ माणूस. पगार घरी आणायचा, तिच्या पुस्तकांना कपाट करून दिलं, सासरच्यांनी मूलबाळाचा विषय काढला तर त्यांना गप्प करायचा. फक्त एक होतं. चार माणसांत ती काही बोलायला लागली की अर्ध्यावर तो हसून म्हणायचा, “तिला असं म्हणायचंय की,” आणि तिचं वाक्य पुरं करायचा. पुष्कळदा नीटच करायचा. तिच्यापेक्षा नेटकं. पहिल्या वर्षी तिला त्यात माया दिसली. तिसऱ्या वर्षी तिच्या ध्यानात आलं की एकटी असतानाही आपण मनातल्या मनात वाक्य अर्धंच उच्चारतो आणि थांबतो, कुणीतरी पुढचं म्हणेल म्हणून. ते ध्यानात आलं त्या दुपारी ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला ती उलटायचं सुचलं नाही. आपल्याच घशात दुसऱ्याचा हात असल्यासारखं काहीतरी वाटत होतं. पाचव्या वर्षी ती भिंगारला आली. राहीबाईंनी विचारलं होतं, “भांडान झालं का? हात उचलला का त्यानं? मग का आलीस, बाय?” ती म्हणाली, “आई, ते माझं बोलणं पुरं करतात.” राहीबाईंना काही कळलं नाही. त्यांनी ताट वाढलं. आणि घोडेगावकडच्या नातेवाइकांनी विचारलं तेव्हा सांगून मोकळ्या झाल्या, “तिला दमा हाय. मळीचा वास सोसत न्हाई.” पुढं कितीतरी वर्षं लग्नाकार्यात बायका तिला अडुळशाचा काढा सांगत राहिल्या. तिची छाती ठणठणीत होती. तिला तेव्हाच कळायला हवं होतं की घर सोडलेल्या बाईच्या ओळीला प्रत्येक जण आपल्या पदरचं कडवं जोडतो. कुणी मायेनं, कुणी लाजेनं. थर्झाचं पहिलं पुस्तक, तिच्या हातचं, आसवांशिवायचं, स्नेहलला पुढं इंटरनेटवर सापडलं. त्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ती ते चार ओळींचं पान बघत राहिली होती आणि तास घ्यायला जायचं विसरली होती. मग वर्षानुवर्षं एकेक कविता मराठीत आणत गेली. ही चार ओळींची सगळ्यांत शेवटी.

*तुझ्या घराची वाट मला पाठ आहे.*
*डोळे मिटून चालले तरी चुकणार नाही.*
*चुलीत अजून विस्तव आहे.*
*मी परत येणार नाही.*

त्या शेवटच्या टिंबासाठी तर सगळा खटाटोप. टिंब काढलं आणि तिथं प्रश्न टांगला की वरच्या तिन्ही ओळी फितूर होतात. वाट पाठ आहे, विस्तव आहे, मग मी परत येणार नाही? येणारच की! आसवांचं कडवं जोडायचीही गरज उरत नाही.

तिनं छापखान्यात फोन लावला. चांदभाईंनी उचलला. मागं यंत्राची घरघर. “म्याडम, ते आप्पासाहेबांनी केलंय. शेवटच्या प्रुफावर. मला वाटलं, तुमचं न् सरांचं बोलणं झालं असंल. सर म्हनले म्हंजे मी कसं इचारनार?”

आप्पासाहेब. म्हणजे सर. तिला कविता वाचायला ज्यांनी शिकवलं ते सर. कोपरगावहून आल्यावर, बोळातल्या बायका दारातून आत डोकावत असताना, स्वतः भिंगारला येऊन ‘सोमवारपासून तासिका घ्यायला ये’ म्हणून सांगून गेलेले सर. ह्या पुस्तकाचे संपादक आणि प्रस्तावनाकार. रिक्षात बसून सावेडीला सरांच्या घरी जाताना ती स्वतःला समजावत राहिली की म्हातारपण आहे, नजर अधू झालीय, चूक असेल. पण चूक अशी नेमक्या जागी बसत नाही. रस्त्यानं शहराच्या नव्या नावाच्या पाट्या आणि जुन्या नावाची दुकानं सरकत होती, आणि तिला वाटत होतं, आपण पुन्हा थर्झाच्या त्याच बर्फातून चाललोय, फक्त ह्या वेळी ऊन लागतंय.

सर व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. तिला बघून खूश झाले. “पुस्तक बघितलंस? देखणं झालंय.”

“सर, ते प्रश्नचिन्ह तुम्ही घातलंत?”

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. टाळलं नाही, सर कधीच काही टाळत नसत. “मी घातलं. स्नेहल, ‘नाही’ म्हणून दार आपटणं ही कविता नव्हे. चांगली कविता दार किलकिलं ठेवते.”

“थर्झानं ठेवलं नव्हतं.”

“पुतण्याच्या आवृत्तीत तिला पस्तावा झालाय.”

“तो पुतण्याला झालाय.”

सर हसले. त्या हसण्यात अजून माया होती, त्यामुळं ते सोसायला जास्त अवघड होतं. “तू तिचं भाषांतर करता करता स्वतःचंही करून टाकलंस. बाईच्या मनात एवढं टोकाचं काही नसतं गं. मी तुला ओळखतो ना.” जरा थांबून ते म्हणाले, “आज बिभीषण येतोय. मीच बोलावलंय. पहिल्या प्रती माझ्याकडं आल्या, त्यातली एक चार दिवसांपूर्वीच पाठवली त्याला, ते पान दुमडून. कागदावर अजून तुम्ही नवरा-बायकोच आहात. मी आज आहे, उद्या नाही. तुझी आईही थकली. तुझं एकदा मार्गी लागलं की मी सुटलो.”

व्हरांड्यातल्या कुंडीत अबोली फुलली होती. स्नेहल तिच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं होतं, राग येईल. आला तो एक थंडगार स्वच्छपणा. म्हणजे ते चिन्ह कवितेसाठी नव्हतंच. ती आमंत्रणपत्रिका होती, तिच्या सहीची, तिला न विचारता पाठवलेली. ज्या माणसानं आपल्याला ओळ कशी वाचायची ते शिकवलं, त्यानंच आपली ओळ कधी वाचली नाही. तो आपल्याला दुरुस्त करायचा राहिलेला मजकूर समजत आला. आणि तरी ह्याच माणसानं आपल्याला उभं केलं होतं. दोन्ही खरं होतं; एकानं दुसरं खोडलं जात नव्हतं. “येते सर,” ती म्हणाली. “संध्याकाळी भेटू.” सरांना वाटलं, तिला पटलं.

संध्याकाळी ती आणि राहीबाई पोचल्या तेव्हा सभागृहाच्या फाटकाशी कडुनिंबाखाली बिभीषण उभा होता. केस पांढरे झालेले, सदरा कडक इस्त्रीचा, हातात पुस्तक. राहीबाईंना त्यानं वाकून नमस्कार केला. त्या “बरं हाय ना?” एवढंच म्हणाल्या आणि दोघांकडं एकेकदा बघून आत गेल्या. तो काही क्षण पुस्तकाशी चाळा करत राहिला. त्याच्या अंगाला अजून मळीचा पुसट वास होता, की तिलाच तो आठवत होता, कोण जाणे.

“मला कविता कळत नाहीत, तुला माहिताय,” तो म्हणाला. “पण ही कळली. शेवटची ओळ. कितीदा वाचली. घर झाडून घेतलंय मी. वरची खोली तुझ्या पुस्तकांना…” तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. तो आशा घेऊन आला होता आणि ती त्याच्या चेहऱ्यावर इतकी उघडी होती की स्नेहलला मान वळवावीशी वाटली. सरांनी तिच्या ओळीचं काय केलं ते एक. पण ह्या माणसाला त्या ओळीनं कोपरगावहून इथवर ओढून आणलं, घर झाडायला लावलं, त्याचं कुणी काय करायचं?

“ती ओळ चुकीची छापलीय,” ती म्हणाली. “तिथं प्रश्न नाही.”

“मग?”

“मी परत येणार नाही.”

फाटकातून माणसं आत जात होती, कुणी तिला हात जोडत होतं. ती न हलता उभी राहिली. हे वाक्य तिनं मराठीत आणायला किती महिने घालवले होते, किती परींनी लिहून बघितलं होतं. पण ज्याला सांगायचं त्याला ते आज पहिल्यांदा ऐकवलं होतं.

“हे ती बाई म्हणतेय का तू?”

“दोघी.”

त्यानं पुस्तकातलं दुमडलेलं पान सरळ केलं. “मग तेव्हाच सांगायचं होतंस. एवढी वर्षं मी…”

“तेव्हा मी म्हणाले होते, मी भिंगारला जाते. आणि तुम्ही म्हणालात, ‘आठ दिवस.’ वाक्य तुम्हीच पुरं केलं होतं. मी फक्त खोडून काढलं नाही. तेवढं माझं चुकलं.”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग, अगदी हळू, “मी आत बसू का जाऊ?” असं विचारलं. “तुमचं तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. तो आत आला आणि मागच्या रांगेत, दाराजवळ बसला.

कार्यक्रम रीतीप्रमाणं झाला. दीप, स्वागत, शाल, श्रीफळ. रिबीन सुटली, पुस्तकं छातीशी धरून फोटो निघाले. सर अध्यक्ष म्हणून मधोमध. पुढच्या रांगेत राहीबाई पदर सावरून बसलेल्या. स्नेहल मनोगताला उठली. तिला दिसत होतं की समोरची सगळी माणसं आपलीच आहेत, कॉलेजची, ओळखीची, सरांवर जीव टाकणारी, आणि आता जे होईल ते ह्यातलं कुणी विसरणार नाही. उद्या कँटीनमध्ये ‘कृतघ्न’ हा शब्द फिरेल. फिरू दे. थर्झा चर्चमध्ये उभी होती तेव्हा समोर तरी कोण होतं? तीही सगळी ओळखीचीच माणसं.

“हे पुस्तक अजून प्रकाशित झालेलं नाही,” ती म्हणाली. कुणीतरी हसलं, विनोद समजून. “ह्यातल्या एका कवितेची शेवटची ओळ बदलली गेलीय. मूळ कवयित्रीला न विचारता, कारण ती नाही. मला न विचारता, कारण मी विचारायच्या यादीत नव्हते. ती ओळ दुरुस्त होईपर्यंत ह्यातली एकही प्रत विकली जाणार नाही.”

सरांनी समोरचा माईक ओढला, हसले, आणि त्या प्रेमळ, मुरलेल्या आवाजात म्हणाले, “मंडळी, तिला असं म्हणायचंय की…”

स्नेहल वळली. सरांना ठाऊक नव्हतं ते काय बोलले. शेवटच्या रांगेत बसलेल्या एका माणसाला ते ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली.

“नाही सर,” ती म्हणाली. “मला जे म्हणायचंय ते मी म्हणतेय.”

मग तिनं चार ओळी म्हटल्या. पुस्तकात न बघता. शेवटची ओळ संपली तिथं तिनं आवाज खाली ठेवला, जड भांडं जमिनीवर ठेवावं तसा, आणि थांबली. टाळ्या पडल्या नाहीत. सर काठी घेऊन उठले आणि विंगेतून निघून गेले. सूत्रसंचालक त्यांच्या मागं धावला. त्या पोकळीत पुढच्या रांगेतून राहीबाईंचा आवाज आला. त्यांना वाटलं, त्या हळूच बोलताहेत. “आता फुडली वाच की. बसल्यात मान्सं.” आणि स्नेहलनं पुढची वाचली. मग त्याच्या पुढची. काही माणसं उठून गेली, काही बसली. मागच्या दाराजवळची खुर्ची कधी रिकामी झाली ते तिनं पाहिलं नाही. घरी जाताना रिक्षात राहीबाई म्हणाल्या, “मास्तरास्नी लई लागलं असंल.”

“हो.”

“तुला?”

“मलाही.”

राहीबाईंनी रस्त्याकडं बघत मान हलवली. “दमा न्हवता तुला,” म्हणाल्या. “आता कुनी इचारलं तर मी तसं सांगनार न्हाई.”

सकाळी ती चांदभाईंच्या छापखान्यात जाऊन बसली. गठ्ठे सोडून प्रती रचल्या होत्या. पान नव्यानं छापायचं तर सगळी बांधणी उसवावी लागणार होती, म्हणून तिनं चांदभाईंकडून एक पातं मागून घेतलं होतं. प्रश्नचिन्हाचा वरचा आकडा तेवढा पात्याच्या टोकानं खरवडायचा. खालचं टिंब ठेवायचं. पहिल्या दोन पानांना भोकं पडली. मग हात बसला. बोटांना शाई लागली, पाठ भरून आली, आणि तिच्या ध्यानात आलं की आपल्याला बरं वाटतंय, बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं तसं. चांदभाई एकदा येऊन बघून गेले. “एक प्रत तशीच राहिली तर, म्याडम?” त्यांनी विचारलं. “एकही नको,” ती म्हणाली. त्यांनी चहा सांगितला आणि पलीकडच्या गठ्ठ्याची सुतळी सोडायला बसले.

उन्हं दारात आली तेव्हा दारात काठी वाजली. सर उभे होते. एका रात्रीत उतरल्यासारखे दिसत होते, दाढी केली नव्हती. चांदभाई लगबगीनं उठले. छापखान्यातली पोरं यंत्र बंद करून उभी राहिली. सर नगरात कुठंही गेले की असंच व्हायचं. स्नेहल तर ते व्हरांड्यातून आत गेले नि पुन्हा बाहेर आले तरी दर खेपेला उठायची. तिच्या पायांनी आत्ताही उठायची तयारी केली. तिला ते स्पष्ट जाणवलं, पोटऱ्यांत आलेला तो जुना ताण, मांडीवरून सरकू पाहणारं पुस्तक. तिनं पुस्तक धरून ठेवलं. सर तिच्याकडं बघत होते, तिच्या काळ्या बोटांकडं, पात्याकडं.

“बसा सर,” ती बसल्या जागेवरून म्हणाली, पायानं स्टूल त्यांच्याकडं सरकवलं, आणि पुढची प्रत उघडली.